परतीची एसटी



पुण्यातली आमची परिचारिकांची परिषद रात्री आठला आटोपली. दहिवडीला परतायचं कसं? माण तालुक्यात रेल्वे नाही. साताऱ्याला उतरलं तरी पुढे एसटी हवीच. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आम्हां बायकांना अर्धं तिकीट आहे. त्याला कुणी भीक म्हणो, मी हक्क म्हणते. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट आगारात, आमच्याच वाटेवरच्या फलटणला निघालेल्या तरुणीवर उभ्या बसमध्ये बलात्कार झाल्याची तक्रार नोंदली गेली, तीही पहाटेची. म्हणून मैत्रिणीकडे राहिले, उजाडल्यावर निघाले. घरी पहिला प्रश्न, "मुक्काम कशाला?" सोबतच्या पुरुष सहकाऱ्याला तो कुणी विचारला नाही. आयोजकांना पत्र धाडलंय: समारोप दुपारी तीनला करा.