कर्णाच्या मनात काय होतं?

बिद्रीहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. 'महाभारतात कर्ण काय करतो ते कळतं, पण त्याला काय वाटतं ते कळतच नाही. असं का?' प्रश्न झकास आहे!

तुमच्याकडे जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरतं ना? पैलवान शड्डू ठोकतो ते दिसतं. त्याच्या पोटात गोळा आलाय का, ते दिसत नाही. महाकाव्य आपल्याला असंच मैदानाच्या कडेला बसवतं.

हस्तिनापुरातला तो प्रसंग आठवा. राजपुत्रांचं शस्त्रकौशल्य पाहायला सारं नगर लोटलंय. कर्ण अर्जुनाला आव्हान देतो. कृपाचार्य कूळ विचारतात, आणि कर्णाची मान खाली जाते. दुर्योधन त्याला तिथंच अंगदेशाचा राजा करतो. तेवढ्यात म्हातारा अधिरथ काठी टेकत येतो. कर्ण अभिषेकानं भिजलेलं डोकं त्याच्यापुढे लववतो. अधिरथ गडबडीनं आपले पाय वस्त्रानं झाकून घेतो. भीम म्हणतो, तू आपला चाबूक हातात घे! कर्णाचे ओठ थरथरतात. सुस्कारा टाकून तो सूर्याकडे पाहतो. बस्स! याहून जास्त काही सांगितलेलं नाही.

सूर्य आपला पिता आहे, हे कर्णाला तेव्हा ठाऊक नाही. आपल्याला आहे, आणि प्रेक्षकांत बसलेल्या कुंतीला आहे. म्हणून आवंढा येतो तो आपल्या घशात.

बाहेरून पाहण्याचा फायदाही आहे बरं का. द्यूतसभेत हाच कर्ण द्रौपदीला नको नको ते बोलतो. तो कितीही आवडता असला, तरी ते आपल्याला ऐकावंच लागतं.

तुमच्याच जिल्ह्यातल्या आजऱ्याचे शिवाजी सावंत यांना मात्र कडेला बसवेना. १९६७ साली आलेल्या 'मृत्युंजय' कादंबरीत त्यांनी कर्णालाच बोलतं केलं. शिवाय कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांनाही. कर्णाची बाजू त्याच्याच तोंडून ऐकताना आपण फार लवकर विरघळतो. (मीही विरघळलो!) पण स्वतःचं मरण कोण सांगणार? तो शेवटचा भाग कृष्ण सांगतो. म्हणजे पुन्हा बाहेरूनच.

अधिरथाचा भाग मात्र त्या कादंबरीत नाही. राजा झालेला मुलगा भरगर्दीत पुढ्यात वाकला, तेव्हा त्या म्हाताऱ्यानं पाय का झाकले असतील? त्याच्या तोंडून दहा ओळी लिहून पाठवा.