अनुक्त द्रव्याचे पथ्य : एदामामेच्या निमित्ताने

गेल्या काही वर्षांत आमच्या चिकित्सालयात एक नवा प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. घरातील तरुण मंडळी शहरातील एखाद्या मोठ्या दुकानातून गोठवलेल्या हिरव्या शेंगांचे पाकीट आणतात. पाकिटावर 'एडामामे' असे नाव असते. मग घरातील ज्येष्ठ व्यक्ती त्या पाकिटाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर दाखवून विचारते, "डॉक्टर, हे खाल्लेले चालेल का?" आपल्या व्यवसायबंधूंकडून या प्रश्नास बहुधा दोनच उत्तरे मिळतात. पहिले असे की, हे सोयाबीन आहे, संहितेत नाही, शिंबीधान्य म्हणजे वातूळ, तेव्हा वर्ज्य करा. दुसरे असे की, भरपूर प्रथिने आहेत, अवश्य खा. ही दोन्ही उत्तरे अर्ध्या मिनिटात देता येतात आणि ती देताना 'तुम्ही ते शिजवता कसे?' हे विचारावे लागत नाही. आमचा आक्षेप नेमका येथे आहे.

आक्षेप घेण्याचा अधिकार आम्हांस आहे असेही नाही, कारण दुसऱ्या प्रकारचे उत्तर आम्ही स्वतः दिलेले आहे. पन्नाशीच्या एक शिक्षिका आमच्याकडे सांधेदुखीसाठी येत असत. थायरॉइडच्या न्यूनतेकरिता त्या अनेक वर्षे लेव्होथायरॉक्सिनची गोळी घेत होत्या, आणि तशी नोंद आमच्याच कागदावर होती. त्यांनी या शेंगांविषयी विचारले तेव्हा बाहेर गर्दी होती. आम्ही 'खा, चांगल्या आहेत' असे म्हणून मोकळे झालो. तीन महिन्यांनी त्यांचा टीएसएच बराच वाढलेला आला आणि त्यांच्या डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढविण्याचे योजिले. तेव्हा कोठे आम्ही विचारले, आणि त्या म्हणाल्या, "सकाळी उपाशीपोटी गोळी घेते आणि लगेच वाटीभर शेंगा खाऊन शाळेला जाते. तुम्हीच तर सांगितलंत." सोयाबीनमुळे या गोळीचे आतड्यातील शोषण कमी होते हे सर्वज्ञात आहे. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून गोळी पूर्वीच्याच मात्रेत पहाटे आणि शेंगा दुपारच्या जेवणात अशी विभागणी केली. पुढील तपासणीत आकडा पूर्वपदावर आला. केवळ शेंगांमुळेच तो वाढला होता असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही, पण विचारावयास हवे होते ते विचारले नाही, हे मात्र निश्चित.

'संहितेत नाही' या उत्तराविषयी अधिक लिहिणे आवश्यक वाटते, कारण ते शास्त्रनिष्ठ दिसते. बृहत्त्रयीत सोयाबीन नाही हे खरेच. परंतु चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सर्व आहारवर्ग सांगून झाल्यावर स्वतःच म्हटले आहे की, येथे नित्य उपयोगातील द्रव्यांचा केवळ एक अंश सांगितला असून सर्व द्रव्ये नावानिशी सांगणे शक्य नाही. आणि जे अनुक्त राहिले असेल त्याविषयी काय करावे? ते द्रव्य ज्या देशात होते तेथील लोक त्याविषयी जे सांगतात त्यावरून ते जाणावे, आणि पुढे स्वभाव, संस्कार, मात्रा इत्यादींनी त्याची परीक्षा करावी. म्हणजे 'संहितेत नाही' हे वाक्य संहितेच्या दृष्टीने प्रश्नाचा आरंभ आहे. आपण तेथे पूर्णविराम देतो.

तर मग त्या देशीचे लोक काय म्हणतात ते पाहू. जपानी भाषेत 'एदा' म्हणजे फांदी आणि 'मामे' म्हणजे शेंगेतला दाणा. दाणे भरलेले पण अजून हिरवे असताना रोप कापून फांदीसकट उकडण्याची रीत होती, त्यावरून हे नाव पडले. पाकिटावर 'एडामामे' लिहिलेले असले तरी उच्चार 'एदामामे' असा आहे. चीनमध्ये याच शेंगेस 'माओदोउ' म्हणजे लव असलेला दाणा म्हणतात, आणि ती लव काढणे हा पाकाचा पहिला संस्कार आहे. जपानी गृहिणी शेंगांची टोके कात्रीने कापते, त्यांवर मीठ टाकून दोन्ही तळहातांनी चोळते आणि मिठासकटच त्या उकळत्या पाण्यात सोडते. पाव किलो शेंगांना एक लिटर पाणी आणि चोळण्याचे धरून एकूण 40 ग्रॅम मीठ असे तेथील रूढ प्रमाण आहे. ताज्या शेंगा चार-पाच मिनिटांत होतात. त्या उपसून चाळणीत पसरतात आणि पंख्याने वारा घालून निववतात. वरून गार पाणी ओतीत नाहीत, कारण त्याने दाणा पाणचट होतो. खाताना शेंग ओठांशी धरून दाणा पिळून घ्यावयाचा आणि साल टाकून द्यावयाची. मियागी प्रांतात हेच दाणे वाटून, साखर घालून 'झुंदा' नावाचे सारण करतात व ते तांदळाच्या चिकट गोळ्यांवर घालतात. ते गुरूहूनही गुरू, आपल्या रुग्णांनी त्या वाटेस न गेलेले बरे.

या देशजवचनात एक गोष्ट सर्वत्र समान आहे. कच्ची शेंग कोणीही खात नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास विरोध करणारे ट्रिप्सिन-निरोधक असतात व उष्णतेने ते बव्हंशी नष्ट होतात, हे आधुनिक ज्ञान त्या रूढीस पुष्टीच देते. आपल्या देशातही कुमाऊँत काळे सोयाबीन 'भट्ट' या नावाने पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जाते. ते आधी तुपा-तेलात भाजून मगच शिजवतात. नागालँडात ते उकडून आंबवतात. महाराष्ट्रात मात्र सोयाबीन तेलबी म्हणून आले, थेट बाजार समितीत गेले, आणि स्वयंपाकघरात आले ते वडीच्या रूपाने. मराठवाडा-विदर्भात तुरीच्या ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून हौसेने खातात, पण शेजारच्या शेतातील सोयाबीनची शेंग त्या पातेल्यात क्वचितच पडते.

गुणांविषयी आमचे मत असे. शिंबीधान्ये सामान्यतः रूक्ष मानली आहेत, परंतु वाळलेल्या सोयाबीनमध्ये सुमारे पंचमांश तेल असते. मुगात ते जेमतेम एक-दोन टक्के. तेव्हा 'शिंबी म्हणून रूक्ष' हा शिक्का येथे सरसकट चालणार नाही. हिरवा दाणा मधुर, किंचित कषाय, गुरू व अल्पस्निग्ध आहे आणि तो विष्टंभ करतो, असा आमचा अनुभव आहे. शिजलेल्या 100 ग्रॅम दाण्यांत सुमारे 12 ग्रॅम प्रथिने, 5 ग्रॅम स्नेह व 5 ग्रॅम तंतू असतात. मूठ-दीड मूठ शेंगांतून, म्हणजे 100 ग्रॅम शेंगांतून, निम्मे दाणे निघतात. एका व्यक्तीस एका वेळी एवढी मात्रा पुरे. गुरू द्रव्य तृप्तीच्या आधी थांबवावे हा नियम येथे कसोशीने पाळावा.

आता संस्कार. रुग्णास खरोखर उपयोगी पडणारा भाग हाच. जपानी पद्धतीत मीठ पुष्कळ वाटते. साल मध्ये असल्याने दाण्यात त्यातले थोडेच उतरते. तरी रक्तदाब वा शोथ असलेल्यास आम्ही मीठ निम्म्याहून कमी सांगतो आणि बाहेर आलेल्या शेंगेवर वरून मीठ मुळीच नको असे बजावतो. गोठवलेल्या शेंगा आधीच अर्धवट उकडलेल्या असतात. त्यांस तीन-चार मिनिटे पुरतात. मात्र पाकिटावर तसे लिहिलेले आहे का ते पाहावे.

वातप्रकृतीच्या व मंदाग्नीच्या व्यक्तीस नुसती उकडलेली शेंग देऊ नये. दाणे सोलून घ्यावेत. चमचाभर साजूक तूप तापवून त्यात जिरे तडतडवावे, हिंग व किसलेले आले घालावे, दाणे दोन मिनिटे परतून उतरवावेत आणि लिंबू पिळावे. एवढ्याने पोटफुगीची तक्रार बरीच कमी होते. पोळीबरोबर हवी असल्यास याचीच उसळ करावी: फोडणीत हळद व ठेचलेला लसूण वाढवावा, पाणी घालून दाणे मऊ होऊ द्यावेत, दोन आमसुले टाकावीत, वर कोथिंबीर. ओल्या खोबऱ्याचे वाटण चवीस छान लागते, पण गुरूत गुरू मिसळते. ते निरोगी तरुणांसाठी राखून ठेवावे.

रायगडकरांना एक सूचना. आपल्या पोपटीत मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ आणि ओवा असतो, पाण्याचा थेंब नसतो. वालासारख्या विष्टंभी शेंगेस ओवा जोडणारी ती बुद्धी आमच्या मते एखाद्या निघंटुकाराच्या तोडीची आहे. तीच युक्ती घरी करावी. मोदकपात्राच्या चाळणीत कुंडीतल्या ओव्याची पाने अंथरावीत, त्यांवर मीठ व भरडलेला ओवा चोळलेल्या शेंगा पसराव्यात आणि दहा मिनिटे वाफ द्यावी. मुलांना हा प्रकार विशेष आवडतो.

जपानात अनेक पदार्थांवर सात द्रव्यांचा एक मसाला भुरभुरतात. त्यात 'सान्शो' नावाचे एक फळ असते. हे सान्शो, आपले तुंबरू आणि कोकणातील तिरफळ ही तिन्ही एकाच झँथोझायलम वंशातील आहेत. मासळीच्या आमटीत जे तिरफळ पडते त्याचे काळे बी काढून टाकावे, टरफल मंद भाजून भरडावे आणि चिमूटभर सैंधवासह उकडलेल्या दाण्यांवर घालावे. तुंबरू कटु, तीक्ष्ण व दीपन. गुरू शिंबीस याहून योग्य सोबती आम्हांस तरी आढळला नाही. तिरफळ न मिळाल्यास जिरेपूड व मिरपूड आहेच. जपानात ही शेंग बिअरच्या पेल्याशेजारी असते, हे विचारणाऱ्या तरुणांना बहुधा आमच्या आधीच ठाऊक असते. देशजवचन प्रमाण मानावे, पण ते तेथवर ताणू नये.

दूध-मलईच्या पांढऱ्या रश्श्यात हे दाणे घातलेले पदार्थ उपाहारगृहांत मिळतात. निष्पाव, कुलत्थ, माष यांचा दुधाशी विरोध सांगितलेला आहे. त्याच न्यायाने आम्ही हा संयोग टाळावयास सांगतो. सोयाबीनची अॅलर्जी असणाऱ्यांस ही शेंग अर्थातच निषिद्ध. वॉरफरिन घेणाऱ्यांनी हिरव्या दाण्यातील क जीवनसत्त्व नव्हे, तर के जीवनसत्त्व ध्यानी घेऊन आहारात एकाएकी फेरबदल करू नये.

औषधी भांडारांच्या चालकांशीही दोन शब्द बोलावयाचे आहेत. सोयाबीनच्या प्रथिनचूर्णाचे डबे अश्वगंधा-शतावरीच्या शेजारी मांडलेले आम्ही पाहतो. ग्राहक त्या शेजारावरून त्यासही आयुर्वेदीय समजतो. 2022 साली 'आयुर्वेद आहार' या संज्ञेसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित झाले असून ते अधिकृत ग्रंथांतील पाककृती, घटक व प्रक्रिया यांवर बेतलेले आहेत. सोयाबीनच्या डब्यास ती संज्ञा तोंडी लावणेही उचित नाही. तसेच हिंग्वाष्टक चूर्ण या शेंगांवर घातले असता गुण येतो, आम्हीही क्वचित सांगतो, परंतु ते औषध आहे. 'शेंगांचा मसाला' म्हणून त्याची पाटी दुकानात लागू नये. थायरॉइडची गोळी आणि सोयाबीनचा डबा एकाच पिशवीत जात असेल, तर दोहोंच्या वेळांत काही तासांचे अंतर ठेवावे एवढे गल्ल्यावरूनच सांगता येईल. ते ऐकले जाते; दुकानदाराचे शब्द पुष्कळदा आमच्या चिठ्ठीहून अधिक ऐकले जातात.

राहता राहिली आपल्या शिवारातली शेंग. जूनअखेर पेरलेले सोयाबीन भाद्रपदात दाणा भरते. वर्षा ऋतू सरत आलेला असतो, अग्नी अजून मंद असतो, आणि शरदातील पित्त दाराशी असते. म्हणून तेव्हा आले, हिंग व लसूण आवरते घेऊन तूप, जिरे व कोथिंबीर यांवर भर द्यावा. पण त्याआधी एक चौकशी अनिवार्य आहे. खोडमाशी, चक्रीभुंगा, अळ्या यांसाठीच्या फवारण्या पिकावर याच सुमारास झालेल्या असतात, आणि धान्यासाठी लावलेल्या शेतातील हिरवी शेंग खाण्यात येईल असे फवारणाऱ्याने गृहीत धरलेले नसते. काय फवारले व केव्हा, हे कळल्याविना अशी शेंग खाऊ नये. पेरणीचे प्रक्रिया केलेले बियाणे तर कोणत्याही स्थितीत नाही. भाजीसाठीचे वाण निराळे असतात. रांचीच्या संशोधन केंद्राने 'स्वर्ण वसुंधरा' हा त्यासाठीच काढला आहे.

आमच्या एका शेतकरी रुग्णाने गेल्या खरिपात घराशेजारी सोयाबीनच्या दोन ओळी न फवारता राखल्या आणि भाद्रपदात टोपलीभर शेंगा आणून दिल्या. वाण नेहमीचा, धान्याचा. दाणा बारीक, चार मिनिटांत शिजेना. बोटांत दबेपर्यंत चांगली पंधरा मिनिटे लागली. किंचित हिरवट वास राहिला, तो जिऱ्याच्या फोडणीने गेला. चिकित्सालयातील आम्हा चौघांत त्या वाटून खाल्ल्या. शिक्षिकाबाईंनाही त्यातल्या मूठभर पाठविल्या, दुपारच्या जेवणासाठी असे चिठ्ठीवर लिहून.