हिऱ्याच्या जन्मस्थळाचा कानोसा

हिऱ्याचे वजन कॅरटमध्ये होते. त्याचा रंग, घाट आणि शुद्धता भिंगाखाली पारखली जाते. परंतु त्याचे जन्मस्थळ आजवर कोणत्याही पारख्याने पाहिलेले नाही. बहुतेक हिरे जमिनीखाली सुमारे दीडशे ते दोनशे किलोमीटरांवर, पृथ्वीच्या प्रावरणात घडले. मनुष्याने पाडलेले सर्वांत खोल छिद्र रशियातील कोला द्वीपकल्पावर आहे, आणि तेही १२ किलोमीटर २६२ मीटरांवर थांबले. त्याहून खोल जे आहे, त्याचा केवळ कानोसा घेता येतो.

दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ले येथे १८७१ साली हिऱ्यांसाठी झुंबड उडाली आणि त्या गावावरून हिरे धारण करणाऱ्या खडकाला किंबरलाइट हे नाव पडले. हा खडक हिऱ्याचा जनक नव्हे. तो केवळ माल वाहून आणणारा. किंबर्ले येथे सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी तो खोलातून वेगाने उसळला आणि वाटेत सापडलेले हिरे वर घेऊन आला. परंतु किंबरलाइट जगात अनेक ठिकाणी आढळत असले, तरी त्यांतील थोड्यांतच हिरे असतात. ज्यांत असतात, ते बहुधा अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या, स्थिर भूखंडांवरच असतात. भूशास्त्रज्ञ क्लिफर्ड यांनी १९६६ साली हे सूत्र मांडले. अशा प्राचीन भूखंडाला क्रेटॉन म्हणतात. त्याच्याखाली असे काय असते, की हिरा तेथेच टिकावा?

याचा शोध घेण्यासाठी १९९७ ते १९९९ या काळात दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना आणि झिंबाब्वे या देशांत एक मोठा प्रयोग झाला. सुमारे ५५ भूकंपमापक यंत्रे आलटून पालटून ८२ ठिकाणी बसवली गेली आणि काप्वाल व झिंबाब्वे हे दोन प्राचीन भूखंड त्यांच्या कक्षेत आले. या कामी स्फोट घडवावे लागत नाहीत. हजारो किलोमीटर दूर कोठे तरी भूकंप होतो, त्याच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून प्रवास करीत खालून वर येतात, आणि प्रत्येक यंत्र त्यांच्या आगमनाची वेळ नोंदवते.

या वेळेतच सारे मर्म आहे. थंड, कठीण खडकातून लहर जलद जाते. उष्ण खडकातून मंद. ठरलेल्या वेळेपेक्षा ती सेकंदाच्या काही अंशाने लवकर पोहोचली, तर वाटेत थंड खडक लागला असे समजावे. एका लहरीवरून हा खडक किती खोल आहे ते कळत नाही. परंतु वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या असंख्य लहरींचे मार्ग एकमेकांना छेदतात आणि त्या सर्वांच्या वेळांचा हिशेब जुळवला की खालचे त्रिमित चित्र उभे राहते. इस्पितळातील सीटी स्कॅनचे तत्त्व हेच होय.

काप्वालखालच्या चित्रात जलद लहरींचा एक प्रचंड भाग दिसला. त्याचे मूळ किमान २०० किलोमीटरांपर्यंत आणि काही ठिकाणी २५० ते ३०० किलोमीटरांपर्यंत गेलेले होते. एवढी थंड, जाड मुळी अब्जावधी वर्षे बुडाली कशी नाही, हा पुढचा प्रश्न. थंड पदार्थ जड असतो. त्याने खाली जायला हवे. अमेरिकी शास्त्रज्ञ टॉमस जॉर्डन यांनी १९७०च्या दशकातच याचे उत्तर सुचवले होते. या मुळीतून फार पूर्वी लाव्हारस वितळून निघून गेला आणि त्याबरोबर बरेचसे लोहही. उरलेला खडक घडणीनेच हलका झाला. थंडपणाने वाढलेले वजन आणि लोह गेल्याने घटलेले वजन यांची दोन पारडी समतोल राहिली. किंबरलाइटने वर आणलेल्या खडकांच्या तुकड्यांत लोहाचे हे अल्प प्रमाण प्रत्यक्ष आढळते.

हिऱ्याला दीडशे किलोमीटर खोलीचा दाब हवा, पण तेथे उष्णता फार वाढता कामा नये. ही अट थंड मुळीच पुरवते. किंबर्ले आणि फिन्श खाणींतील हिऱ्यांत अडकलेल्या गार्नेटच्या कणांचे वय १९८४ साली मोजले गेले, ते ३२० ते ३३० कोटी वर्षे निघाले. बाजारात जो डाग हिऱ्याची किंमत उतरवतो, त्यानेच त्याची जन्मतारीख सांगितली. २००२ साली शास्त्रज्ञांनी अशा डागांची माहिती भूकंपलहरींच्या नकाशाशी ताडून पाहिली. जेथे लहरी किंचित मंद होत्या, तेथील हिऱ्यांतले डाग वेगळ्या जातीच्या खडकाचे आणि अनेकदा वयाने लहान निघाले. २०५ कोटी वर्षांपूर्वी बुशवेल्ड भागात झालेल्या ज्वालामुखी उलथापालथीने मुळीचा तो भाग बदलून टाकला असावा, असा त्याचा अर्थ लावला जातो.

भारतासाठी हा प्रश्न अधिक जवळचा आहे. आंध्रातील वज्रकरूरचे किंबरलाइट सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वी हिरे घेऊन वर आले. म्हणजे त्या काळी धारवाड भूखंडाखाली खोल, थंड मुळी असलीच पाहिजे. परंतु २००७ साली जर्मन शास्त्रज्ञ आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ यांनी भूकंपलहरींवरून असा निष्कर्ष काढला, की भारताचे शिलावरण आज जेमतेम १०० किलोमीटर जाड आहे. गोंडवनातून फुटलेल्या इतर खंडांचे मात्र १८० ते ३०० किलोमीटर. मुळी झिजून हलका झाल्यामुळेच भारत वर्षाला १८ ते २० सेंटिमीटर इतक्या वेगाने उत्तरेकडे सरकला, असे त्यांचे मत. इतर काही अभ्यासकांना धारवाडखाली आजही जाड मुळी दिसते, आणि हा वाद मिटलेला नाही. तो मिटेपर्यंत, भारताखाली एके काळी काय होते याची सर्वांत भक्कम साक्ष वज्रकरूरच्या हिऱ्यांचीच राहील.