हा अल्बम शहराबद्दल नाही

स्टीव्हन विल्सनच्या 'हँड. कॅनॉट. इरेझ.'चा विषय निघाला की दोन प्रकारचे लोक हमखास भेटतात. पहिले म्हणतात, 'रिग्रेट #९'मध्ये गथ्री गोवनने काय गिटार वाजवलीय! खरंच वाजवलीय, वाद नाही. दुसरे म्हणतात, शहर माणसाला कसं एकटं पाडतं यावरचं हे भाष्य आहे. माझं भांडण या दुसऱ्यांशी आहे, आणि ते मी आंधळगावचा म्हणून आहे.

माहीत नसलेल्यांसाठी: विल्सन हा 'पॉर्क्युपाइन ट्री' या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा संस्थापक. २००९च्या डिसेंबरात हा बँड पवईला आयआयटीच्या 'मूड इंडिगो'त वाजवून गेला. 'हँड. कॅनॉट. इरेझ.' हा विल्सनचा चौथा सोलो अल्बम, फेब्रुवारी २०१५चा. त्यातली नायिका काल्पनिक आहे, पण ती सुचली एका खऱ्या बाईवरून. जानेवारी २००६मध्ये लंडनच्या वुड ग्रीन भागात थकलेल्या भाड्यासाठी एका फ्लॅटचं दार तोडलं गेलं. आत जॉइस कॅरोल व्हिन्सेंट मरून पडली होती, डिसेंबर २००३च्या सुमारापासून. वय ३८. टीव्ही सुरूच होता. जवळ ख्रिसमसच्या भेटी कागदात गुंडाळून ठेवलेल्या.

हे ऐकल्यावर आपल्याकडची प्रतिक्रिया ठरलेली: 'आमच्या गावात असं होणंच शक्य नाही.' बरोबर आहे, दार तर नक्कीच वाजवतील. मोहाडी तालुक्यातलं आमचं गाव कोशाच्या कापडासाठी ओळखलं जातं. तिथं कोणाचा माग आज बंद आहे, हे गल्लीला आवाजावरून कळतं.

पण जॉइस कोणाला माहीतच नव्हती, असं थोडंच होतं? तिला चार बहिणी होत्या, मित्रमैत्रिणी होत्या, चांगल्या नोकऱ्या झालेल्या होत्या. कॅरोल मॉर्लीच्या 'ड्रीम्स ऑफ अ लाइफ' (२०११) या माहितीपटात तिला ओळखणारे एकामागून एक बोलतात. ती कुठंतरी छान आयुष्य जगत असेल, असंच त्यांनी धरून ठेवलेलं. असं धरून चालायला लंडन लागत नाही. माणूस लांब गेलेला असला आणि तो मजेत आहे असं आपण ठरवलं, की पुरतं.

आणि माणसं लांब जातात कुठून? आमच्यासारख्या गावांतून. 'पोरगी पुण्याला आहे, कंपनीत आहे, मजेत आहे.' या वाक्यानंतर चौकशी संपते. फोन येतात, नाही असं नाही. पॅकेज किती, फ्लॅट घेतला का, लग्नाचं काय. यातला एकही प्रश्न तिच्याबद्दल नसतो. दार वाजवणारा शेजार गावाच्या शिवेपाशी थांबतो.

शहराचा दोष नाहीच, असं माझं म्हणणं नाही. जॉइसच्या भाड्याचा काही भाग सरकारी मदतीतून परस्पर जमा होत होता, म्हणून तर दार इतके दिवस कोणी वाजवलं नाही. मी सॉफ्टवेअर लिहितो. पैसे वेळेवर येत असले की सिस्टिमच्या लेखी माणूस ठणठणीत असतो. पण घरच्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज एक 'गुड मॉर्निंग' पडलं की आपणही तेच समजतो ना?

आता 'रुटीन' ऐका. नवरा आणि मुलं गेलेली बाई घरातली कामं करत राहते. सुमारे नऊ मिनिटांचं गाणं, पियानोपासून हळूहळू चढत जाणारं. शेवटाकडे निनेट तायेबचा आवाज किंकाळीत फुटतो आणि मग पुन्हा शांत होतो. यात शहर कुठं आहे? तेरवीच्या दुसऱ्या दिवशी चूल पेटवणारी बाई आपल्या गावांतही आहे. तिला आपण 'खंबीर' म्हणतो आणि पुढं काही विचारत नाही. भरल्या घरातलं, भरल्या गल्लीतलं हे एकटेपण आहे. 'हॅपी रिटर्न्स'मध्ये नायिका पत्र लिहायला बसते आणि ते अर्धवट टाकून झोपी जाते. पत्र शहराला नाही, भावाला आहे.

राहिला लांबीचा आक्षेप. 'अँसेस्ट्रल' साडेतेरा मिनिटांचं कशाला, अख्खा अल्बम तासाभराहून मोठा कशाला, नुसती कसरत! प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये कसरत भरपूर असते, हे मान्य. इथं मात्र लांबीचं काम वेगळं आहे. मधला कुठलाही मिनिटभर कापून रीलला लावा, गिटार उरेल आणि बाई गायब होईल. तिच्यापाशी तासभर बसावंच लागतं.

तेव्हा हा अल्बम ऐकून लंडन-मुंबई-पुण्याला नावं ठेवणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. गाव सोडून गेलेल्या एखाद्या माणसाला तुम्ही शेवटचा फोन कधी केलात, ज्यात पगाराचा आणि लग्नाचा विषय निघाला नाही?