पीयू टाका, विषय संपला!

महिन्याभरापूर्वी भोसरीत चहाच्या टपरीवर सहज बोलून गेलो, की आमच्या जुन्या टाटा 207 च्या मागच्या पाट्यांचे बुश गेलेत. पाच मिनिटांत सात सल्ले मिळाले. त्यातले चार सारखेच होते : "पीयू टाका, विषय संपला!"

पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन. लाल-पिवळं, चकचकीत, दगडासारखं टणक. आणि आपल्याकडे टणक म्हणजे चांगलं, हे बाळकडूच आहे. माझा राग आहे तो या समजुतीवर.

रबरी बुश काम कसं करतो ते बघा. आतली नळी बोल्टनं घट्ट आवळलेली, बाहेरची पाट्याच्या डोळ्यात ठोकून बसवलेली, आणि मधे दोन्हींना चिकटलेलं रबर. पाटा हलला की काहीच घासत नाही, रबर पिळवटतं आणि परत जागेवर येतं. पीयूचा बुश असा पिळवटत नाही, तो नळीवर फिरतो. म्हणजे ग्रीस आलं. आणि चाकणच्या रस्त्यावर पावसाळ्यात मागच्या चाकाजवळ ग्रीस किती दिवस स्वच्छ राहणार? चिखल आत जातो, नळी खायला लागते, गाडी जुन्या पलंगासारखी कुरकुरते. शिवाय रबर जो हादरा पचवत होतं, तो थेट चासीला आणि ड्रायव्हरच्या कमरेला. रेसच्या गाडीला पीयू शोभतो, तिथं चाक केसभरही हललेलं चालत नाही. आमची गाडी कास्टिंगचे क्रेट वाहते हो!

दुसरी जमात 'लोकल'वाल्यांची. बिननावाच्या प्लास्टिकच्या पिशवीत चार बुश, किंमत निम्मी. मीही आधी तेच आणले होते, खोटं कशाला बोलू. शेजारच्या गाळ्यात रबर मोल्डिंग चालतं, त्याच्याकडे कडकपणा मोजायचं शोअरचं मीटर आहे. गंमत म्हणून चारही बुश मोजले. एकाच पिशवीतल्या सगळ्यात मऊ आणि सगळ्यात कडक बुशात पंधराचा फरक! एकाची तर नळी अंगठ्यानं दाबली तर रबरापासून सुटत होती.

आता खरं दुखणं. हा पट्टा कशावर उभा आहे? 1960 च्या दशकात टेल्को पिंपरीत आली, 1988 साली टाटामोबाइल 206 बाजारात आली, पुढं चाकणला तर कारखान्यांची रांगच लागली. आपल्यातला निम्मा माणूस या कारखान्यांना पार्ट पुरवतो. ड्रॉइंगपेक्षा दोन शतांश जास्त झाले की अख्खा लॉट परत येतो आणि आपण निमूटपणे घेतो. गिऱ्हाइकाच्या गाडीसाठी इतकी शिस्त, आणि तोच माल पोचवणाऱ्या स्वतःच्या गाडीला पिशवीतला बुश! वर म्हणायचं, "जुनी गाडी आहे, चालतंय."

चालत नाही. आमचे ड्रायव्हर मामा पंधरा दिवस सांगत होते, "शेठ, ब्रेक मारला की मागनं गाडी वाकडी होतीय." मी म्हणायचो, बघू. पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला बुश गेला की मागचा एक्सल त्या बाजूला सरकतो, ब्रेक लागताना गाडी तिरकी होते. हे मला माहीत होतं! मोशीजवळ एका दुचाकीवाल्याच्या अगदी बाजूला गाडी गेली, तेव्हा कुठं मी जागा झालो. तो वाचला. त्यात माझं कर्तृत्व शून्य.

मग नाना पेठेत जाऊन पार्ट नंबर बघून, खोक्यातले, रबरीच बुश आणले. पण गोष्ट इथंही संपत नाही. मेकॅनिक गाडी जॅकवर घेतो, एक्सल खाली लोंबकळत असतो, आणि तसाच तो बोल्ट कडक आवळतो. मग गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं. उभ्या गाडीतसुद्धा! काही महिन्यांत फाटतं आणि आपण म्हणतो, "बघा, रबर टिकतच नाही, पीयूच टाकायला हवं होतं." बोल्ट आधी नुसते हातानं लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, थोडी हलवायची आणि मग आवळायचे. माझ्या मेकॅनिकला हे सांगितलं तर तो म्हणाला, "वीस वर्षं करतोय मी." मी म्हटलं, एकविसाव्या वर्षी माझ्यासाठी असं कर. कुरकुरला, पण केलं. मी शेजारी उभा होतो, म्हणून केलं असेल.

जाताजाता, पीयूला सरसकट शिव्या नाहीत. अँटीरोल बारच्या क्लॅम्पखाली तो चांगला चालतो. पण पाट्याच्या डोळ्यात? माझ्या गाडीत तरी नाही.

बुश बसवून तीन आठवडे झाले. मामा अजून काही बोललेले नाहीत. ते बोलतात तेव्हा तक्रारच असते, त्यामुळे मी मुद्दाम विचारलेलंही नाही.