गाडगेबाबांची पुण्यतिथी आणि आमची पेठ

डिसेंबरची २० तारीख आली की गाडगेबाबांच्या तसबिरीस हार घालावयाचा, चार शब्द बोलावयाचे आणि घरी जावयाचे, ही स्मरणाची सोपी रीत होऊन बसली आहे. १९५६ साली देह ठेवणारा हा पुरुष गावात शिरताच प्रथम खराटा हाती घेई व रात्री कीर्तनास उभा राही. लोकांच्या पैशांतून त्याने पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. स्वतःजवळ काय, तर एक गाडगे!

आता आपल्याकडे पाहू. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर व डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावच्या बाजारात शिरले, तेव्हा काय गेले हे दुकानदारांस सांगावयास नको. पाऊस आपल्या हाती नाही, हे खरे. परंतु पात्रात केर लोटणारे हात कोणाचे? पुतळ्यासाठी वर्गणी देण्यास सदैव तत्पर असणाऱ्या व्यापारी बंधूंस आमची विनंती आहे की, यंदाचा पैसा खराटे व घमेली यांवर खर्चावा आणि त्या दिवशी दुकान उघडण्यापूर्वी तितूरचा काठ स्वहस्ते झाडावा. हे हलक्या जातीचे काम, असे ज्यांस वाटते त्यांनी तर अवश्य यावे. नगरपरिषदेने सफाई कामगारांस त्या दिवशी भरपगारी सुटी दिल्यास उत्तमच.