आजार हे प्राक्तन नव्हे, उपचार ही कृपा नव्हे

नवदीक्षित बंधुभगिनींनो,

धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी आपण घरातील देव्हारा रिकामा केलात. मूल तापाने फणफणले तर देवीला कोंबडे कबूल करणे, कपाळी अंगारा लावणे, करणीच्या संशयाने देवऋषीचे घर गाठणे, हे सारे आपण सोडले. हे थोडे धैर्याचे काम नव्हे. परंतु मी आपणांस एक प्रश्न विचारतो. नवस गेला, पण सावकार गेला काय? वकिलीच्या धंद्यात कर्जवसुलीचे जे कागद माझ्यासमोर येतात, त्यांतील कितीतरी कागदांच्या मुळाशी लग्नाचा थाट नसतो, व्यसन नसते; घरातील एका माणसाचे आजारपण असते.

मागल्या जन्मीचे पाप या जन्मी भोगावे लागते, हा सिद्धांत बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात साफ नाकारला. त्या नाकारण्याचा अर्थ आपण पुरता लक्षात घेतला आहे काय? आजार जर प्राक्तन नसेल, तर औषधावाचून मरणे हेही प्राक्तन नव्हे. मग प्रश्न दैवाचा उरत नाही, राज्याचा होतो. उपचाराचा पैसा कोणी द्यावा, हा तो प्रश्न होय. अतिसाराने स्वतःच्या मळात पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वहस्ते धुतले, हा प्रसंग आपण विहारात ऐकतो. त्या भिक्खूची ऐपत त्यांनी विचारली नव्हती.

उपचाराचा पैसा उभा करण्याचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला, ज्याचे दुखणे त्याचाच खिसा. हा मार्ग नव्हेच. ही तर जुनीच वर्णव्यवस्था, फक्त जातीच्या जागी पैसा आला. दुसरा, वर्गणीचा विमा. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४३ साली, कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे सोपविण्यात आले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. २०१९ साली ठरलेल्या दराप्रमाणे या योजनेत मालकाने पगाराच्या सव्वातीन टक्के व कामगाराने पाऊण टक्का भरावयाचा असतो. योजना चांगली, पण ज्याच्या नावाची हजेरीपटावर नोंद आहे, त्याच्यासाठी. आपल्यातील शेतमजूर, ऊसतोड कामगार, नाक्यावर उभा राहणारा बांधकाम मजूर, चार घरची धुणीभांडी करणारी भगिनी, यांचा मालक कोण? वर्गणी कोणी भरावी?

म्हणून तिसरा मार्ग, सर्वसाधारण कराचा. हा काही माझ्या डोक्यातील नवा विचार नव्हे. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ सालीच सांगितले होते की वैद्यकीय सेवा सर्वांना भेदभावावाचून मोफत असावी आणि ऐपतदारांनी आपला वाटा कराच्या रूपाने द्यावा. दुसऱ्याच वर्षी, १९४७ साली, ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी विमा हा धंदा राज्याच्याच हाती असावा अशी मागणी केली. ती मागणी आयुर्विम्याची होती हे खरे. पण संकटसमयी माणसाला नफेखोराच्या दारी उभे करू नये, हे त्यामागील तत्त्व दोहोंना सारखेच लागू पडते.

यावर ठरलेले उत्तर येते : राज्याकडे पैसा नाही, गरीब देशाला हे झेपणार नाही. मग थायलंडकडे पाहा. बौद्ध बहुसंख्येच्या या देशाने २००१ साली आरंभ करून, २००२ साली कायदा करून, सरकारी नोकर व नोंदलेले कामगार यांच्या योजनांबाहेर राहिलेल्या सर्व जनतेला करांच्या पैशातून आरोग्यसेवा लागू केली. त्या वेळी रुग्णाने एका खेपेला फक्त तीस बाट द्यावयाचे होते. थायलंड तेव्हा श्रीमंत नव्हता. परंतु त्याआधी अनेक वर्षे त्याने खेड्यापाड्यांत आरोग्यकेंद्रे आणि तालुक्यांत रुग्णालये बांधली होती. आधी दवाखाना, मग हक्काचा कागद, हा तो क्रम.

आपल्याकडे क्रम उलटा झाला आहे. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना आली. २०१७ साली तिला महात्मा जोतीराव फुल्यांचे नाव दिले गेले. पुढे केंद्राच्या योजनेशी तिची सांगड घातली गेली आणि २०२३ साली सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय झाला. या योजनेने अनेकांचे प्राण वाचविले, हे मी नाकारीत नाही. कार्ड जरूर काढा. परंतु तिचा मुख्य भर रुग्णालयात दाखल करून करावयाच्या, यादीतील उपचारांवर आहे. मधुमेहाची, रक्तदाबाची जन्मभर लागणारी गोळी घराघरातून पैसा झिरपवीत नेते, तिचे काय? आणि योजनेतील खाजगी रुग्णालय शहरात, रुग्ण वाडीवर, मधल्या वाटेचे काय? प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १८९७ साली सावित्रीबाईंनी देह ठेवला. त्यांच्या घराण्याचे नाव ज्या योजनेला दिले, ती रुग्णाच्या दारापर्यंत पोहोचलीच पाहिजे!

पैसा नाही म्हणता? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सांगितले होते की राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक खर्च आरोग्यावर करावा. महाराष्ट्राने ती मर्यादा गाठली नाही. तेव्हा हा तुटवडा तिजोरीचा नव्हे, इच्छेचा आहे. शिवाय त्या तिजोरीत आपलाही पैसा आहे. साबण घेताना, चप्पल घेताना, मोबाईलचे पैसे भरताना मजूर स्त्रीही कर देते. जे तिच्याच पैशाने चालते, ते तिला दान म्हणून कसे देता?

कायदाही हेच सांगतो. आगगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला पश्चिम बंगालमधील सरकारी रुग्णालयांनी एकामागून एक, खाट नाही वा सोय नाही म्हणून परतविले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याला पंचवीस हजार रुपये भरपाई द्यावयास लावली आणि बजावले की संविधानाच्या एकविसाव्या कलमाखालील हे कर्तव्य पैशाच्या सबबीने टाळता येणार नाही. २०२३ साली राजस्थानने, खाजगी डॉक्टरांचा तीव्र विरोध असताना, आरोग्यहक्काचा कायदा संमत केला. महाराष्ट्राने का करू नये?

बंधुभगिनींनो, मागणी करणाऱ्याला हिशेब कळला पाहिजे. प्रत्येक विहारात वर्षातून एक रविवार राज्याच्या अर्थसंकल्पातील आरोग्याचे पान वाचण्यासाठी ठेवा. शिकलेल्या मुलामुलींनी ते वडीलधाऱ्यांना समजावून सांगावे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर किती, औषधे किती, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले. तेथे कोणी पैसे मागितल्यास पावती मागा. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवणे बंधनकारक आहे. त्या नाकारल्या तर नकार लेखी घ्या आणि धर्मादाय आयुक्तांकडे जा. आणि मत मागावयास येणाऱ्याला कार्डाबद्दल आभार मानू नका. आठ टक्क्यांचे काय झाले, ते विचारा.

आपण देवापुढे हात जोडणे सोडले. आता रुग्णालयाच्या खिडकीपुढेही हात जोडू नका. तेथे संविधान घेऊन, ताठ मानेने उभे राहा.

जय भीम!